कारखान्याला गाभारा नसतो

श्रावण अर्धा सरला की आमच्या कारखान्यात सगळ्यात आधी संपते ती रद्दी. पेणमध्ये नुसतं 'कारखाना' म्हटलं की तो गणपतीचाच, हे बाहेरगावच्यांसाठी सांगते. रद्दी आम्हाला किती लागते, याची कल्पना यायची नाही. पितांबराला मशीनने रंग मारताना अंगावर उडू नये म्हणून कागद आड धरायचा, पाटाखाली कागद, ट्रक भरताना सोंड आणि हात यांच्या मधल्या पोकळीत कागदाचे बोळे. यजमानांचा एक नियम आहे. रद्दी शक्यतो मराठी नको. मराठी पेपर समोर पसरला की रंगकामाच्या बायका वाचत बसतात आणि कामं थांबतात. म्हणून आमच्याकडे रद्दी येते हायवेवरच्या टायरवाल्याकडची, मल्याळम. ती कोणाला वाचता येत नाही. भाजणीच्या चकल्या कुणी ओळीने मांडून ठेवाव्यात तशी अक्षरं.

या टायरवाल्याला गावात सगळे 'अण्णा' म्हणतात. तो प्रत्येक वेळी सांगतो, अण्णा तमिळ लोकांत म्हणतात, मला चेट्टन म्हणा. चेट्टन म्हणजे दादा. माझ्याखेरीज फारसं कोणी म्हणत नाही; मला तो चेच्ची म्हणतो, म्हणजे ताई. पेणला येऊन त्याला तीस वर्षं झाली. मराठी फर्डं बोलतो, फक्त 'ळ' आमच्यापेक्षा चांगला म्हणतो. त्याच्याकडे पनवेलहून 'मातृभूमी' येतो. तो स्वतः ख्रिस्ती, त्रिशूर जिल्ह्यातला. त्याच्या वडिलांच्या घरी 'दीपिका' यायचा, १८८७ साली ख्रिस्ती धर्मगुरूंनी सुरू केलेला पेपर. 'मातृभूमी' शेजारच्या मास्तरांकडे येई. दोन्ही वाचल्याशिवाय गावात काय चाललंय ते कळत नसे, असं तो म्हणतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका दोन फुटी मूर्तीची आखणी करत होते. आखणी म्हणजे डोळे. रंग कोणीही शिकेल, आखणीला हात लागतो, आणि पस्तीस वर्षं तो माझा लागतोय. पाटाखालच्या कागदावर एका देवळाचा फोटो होता, उंच ध्वजस्तंभ, उतरतं कौलारू छप्पर. चेट्टन रद्दीचे पैसे न्यायला आला होता. म्हणाला, "हे गुरुवायूर. आमच्या घरापासून सायकलने जायचो."

"आतून कसं आहे?" मी सहज विचारलं.

"आत कुठे गेलोय? आम्हाला बंदी." तो इतक्या साधेपणाने म्हणाला की ब्रश माझ्याच हातात थांबला. तो आमच्या कारखान्यात अर्धवट देवांच्या गर्दीतून वाट काढत उभा होता, चपला घालून.

माझे वडील सर्वोदयवाले. शाळामास्तर होते, खादी घालत, आणि आपण विनोबांच्या तालुक्यातले याचा त्यांना मालमत्तेसारखा अभिमान होता. विनोबांचा जन्म आमच्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५. लहानपणी वडील मला पेण-खोपोली रस्त्याने तिकडे घेऊन गेले होते. विनोबांचे आजोबा शंभुराव गणपतीत चंदन उगाळून त्याची मूर्ती करत, नातवंडं सहाण धरून बसत, आणि एवढ्या कष्टाने केलेली मूर्ती शेवटी पाण्यात सोडताना पोरांना रडू येई, ही गोष्ट वडिलांनी तिथे सांगितली. गणपतीच्या कारखान्यात लग्न होऊन आले तेव्हा ती मला पहिल्यांदा नीट कळली. तर त्या वडिलांमुळे गुरुवायूर हे नाव मला आधीच माहीत होतं. विनोबाही तिथून बाहेरच्या बाहेर परतले होते.

ते आधी सांगायला हवं, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

'मातृभूमी' निघाला १८ मार्च १९२३ रोजी, कोळिकोडला. के. पी. केशव मेनन हे पहिले संपादक. त्याच वर्षी विनोबांनी वर्ध्याहून 'महाराष्ट्र धर्म' सुरू केलं होतं. दोघांनी एकमेकांचं नाव तरी ऐकलं होतं का, कोण जाणे. 'मातृभूमी' सुरुवातीला आठवड्यातून तीनदा निघे, ६ एप्रिल १९३० ला, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवशी, तो दैनिक झाला. पण त्याच्या आधीच, पहिलं वर्ष पुरं होतंय तोवर, संपादक वायकोमला जाऊन तुरुंगात बसला होता.

वायकोमचा सत्याग्रह ३० मार्च १९२४ ला सुरू झाला. पुष्कळांना वाटतं तो मंदिरप्रवेशाचा होता. तसा नव्हता. मागणी एवढीच होती की देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून सगळ्यांना चालू द्या. रस्त्यांवरून! कुत्रं चालायचं, गाय चालायची, एळवा आणि पुलया जातीचा माणूस चालायचा नाही. पहिल्या दिवशी तिघं निघाले, एक नायर, एक एळवा, एक पुलया. तिघांनाही पकडलं. पुढे पावसाळ्यात पूर आला तेव्हा सत्याग्रही पाण्यात उभे राहिले. टी. के. माधवन हे या सत्याग्रहाचे मोठे पुढारी, तेही 'देशाभिमानी' नावाचा पेपर चालवणारे. मेनन संपादक, माधवन संपादक, के. केळप्पन पुढे 'मातृभूमी'चे संपादक. केरळात त्या काळी देवळाच्या वाटेवर पोलिसांनी कुणाला धरलं तर तो पेपरवालाच निघायची शक्यता होती. आपल्याकडेही हेच दिसतं. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला आमच्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक काढला. पाण्याला हात लावून भागत नव्हतं, तो का लावला ते छापावं लागत होतं.

वायकोमला जॉर्ज जोसेफ नावाचे ख्रिस्ती पुढारीही सत्याग्रहात होते. गांधीजींनी त्यांना कळवलं की हे पाप हिंदूंचं आहे, प्रायश्चित्त हिंदूंना करू द्या, तुम्ही बाजूला राहा. मला हे कधी पटलं नाही. वडील पटवायला बघायचे. घरातली घाण घरातल्यांनीच काढायची असते, म्हणायचे. मी म्हणायचे, रस्ता घरात असतो का?

१९२५ साली गांधीजींनी विनोबांना तिकडे पाठवलं. पंडितांशी बोलायचं, शास्त्रानेच शास्त्र खोडायचं. विनोबांचं वय तीसही नव्हतं, संस्कृत मात्र पक्कं होतं. चर्चा झाल्या, पंडित हलले नाहीत. त्याच वर्षी मार्च महिन्यात गांधीजी स्वतः नंबूद्री ब्राह्मणांच्या पुढाऱ्याकडे गेले. त्या पुढाऱ्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, कारण ते अजून आपल्या आसपास वेगळ्या शब्दांत ऐकू येतं. ही माणसं मागच्या जन्मीच्या कर्माने अशी जन्मली, त्यांना रस्ता बंद असणं हा त्या कर्माचाच भोग, असं ते होतं. गांधीजींनी विचारलं, भोग देणारा देव आहे ना, मग त्यात भर घालायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? उत्तर मिळालं नाही, रस्ताही मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये चारपैकी तीन रस्ते खुले झाले आणि पूर्वेचा तसाच राहिला. धर्माच्या प्रश्नावर पाऊण निकाल लागलेला मी एवढा एकच ऐकलाय.

आपल्याकडे धर्म कशावरून ओळखावा याची चार प्रमाणं मनुस्मृतीत दिली आहेत. वेद, स्मृती, सज्जनांचा आचार, आणि आपल्या स्वतःच्या मनाला जे रुचतं ते. हे चौथं वाचून मला दर वेळी गंमत वाटते. त्यात एवढी मोठी खिडकी उघडी ठेवलीय, आणि त्याच ग्रंथाने बाकीची दारं अशी लावली की २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो जाळावा लागला. या चारांत लोकमत कुठेच नाही. लोकांना काय वाटतं ते धर्माने विचारावं, ही कल्पनाच मुळात छापखान्याबरोबर आली. आता माझा प्रश्न असा: लोकमत हे पाचवं प्रमाण होऊ शकतं का?

गुरुवायूरला हा प्रयोग खरोखर करून पाहिला गेला. १ नोव्हेंबर १९३१ ला केळप्पन यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला, या वेळी देवळाच्या आत जाण्यासाठीच. 'मातृभूमी' आता रोज निघत होता, त्यामुळे गुरुवायूरच्या दारात काल काय झालं ते मलबारात घरोघर कळत होतं. ए. के. गोपालन स्वयंसेवकांचे कप्तान, त्यांना मार बसला तो लोकांनी वाचला. सप्टेंबर १९३२ मध्ये केळप्पन उपोषणाला बसले, गांधीजींच्या सांगण्यावरून २ ऑक्टोबरला त्यांनी ते सोडलं. मग पोन्नानी तालुक्यातल्या हिंदूंची मतं घेतली गेली. वीस हजारांच्या आसपास लोकांनी मत दिलं, त्यात बायकाही होत्या, आणि ७७ टक्के म्हणाले, देऊळ उघडा.

देऊळ उघडलं नाही. ते उघडलं १९४७ साली, कायद्याने.

चेट्टनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग मतं कशाला घेतली?" त्याचा प्रश्न खुळा नाही. त्याच सुमारास एक सभासद दिल्लीच्या कायदेमंडळात मंदिरप्रवेशाचं विधेयक आणत होते. त्यात होतं, बहुमताने ठरवा. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याला पाठिंबा द्यायचं नाकारलं. त्यांचा मुद्दा असा की अस्पृश्यता पाप असेल तर ते पाप आहे असं विधेयकात म्हणा. बहुसंख्य लोक पापात रमलेत म्हणून पाप चालवून घ्यायचं आणि बहुसंख्यांना वाटलं की मगच सोडायचं, हे कसलं न्यायाचं माप? माझ्या वडिलांशी मी आयुष्यभर भांडले ते याच मुद्द्यावर, आणि मी अजून बाबासाहेबांच्या बाजूने आहे. सत्त्याहत्तर टक्क्यांऐवजी सात टक्के आले असते तर पुलया माणूस सात टक्केच माणूस ठरला असता का?

म्हणजे लोकमत प्रमाण होऊ शकत नाही. इथवर माझी खात्री आहे. पुढचं तितकं सरळ नाही.

विनोबा १९५७ मध्ये भूदान मागत केरळात चालत होते. गुरुवायूरजवळ आले तेव्हा त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती सहकारी होते. देवळाकडून निरोप आला, तुम्ही या, ते नकोत. विनोबा म्हणाले, मग मीही नको. आणि पुढे निघाले. आरडाओरड नाही, उपोषण नाही. त्यांना देवळातल्या माराची भीती होती अशातला भाग नाही. चारच वर्षांपूर्वी देवघरला हरिजनांबरोबर देवळाशी गेले म्हणून पंड्यांनी मारलं होतं, कानाला इजा झाली होती. पुरीलाही एक फ्रेंच बाई बरोबर होत्या म्हणून ते जगन्नाथाच्या दारातून मागे फिरले होते. गुरुवायूरनंतर मल्याळम पेपरांत मोठा वाद झाला. विनोबांनीच पुढे सांगितलंय की बहुतेक पेपरांनी देवळाच्या कारभाऱ्यांना दोष दिला, एखाद-दुसऱ्यानेच विनोबांचा हट्ट चुकीचा म्हटला.

तेहतीस वर्षं आधी त्याच मुलखात गांधीजींनी ख्रिस्ती माणसाला सांगितलं होतं, हा आमचा प्रश्न, तू बाजूला हो. आता त्याच गांधीजींचा माणूस म्हणत होता, हा बाजूला असेल तर मला आत जायचं नाही. हे अंतर शास्त्राने कापलं नाही. वायकोमला संस्कृतात जे जमलं नव्हतं ते विनोबांनी गुरुवायूरला एक पाऊल मागे घेऊन केलं. पण मला असंही वाटतं, की ते पाऊल छापून आलं नसतं तर? दाराबाहेरून तर रोज हजारो माणसं परत जात होती. चेट्टनचे वडील परत गेले असतील, आजोबा गेले असतील. त्यांचं परत जाणं कोणाला दिसलं नाही. पेपर काय करू शकतो, तर एवढंच. कोण परत गेलं ते नावानिशी सांगू शकतो. मग देवळाला 'कोणी विचारत तर नाही ना' असं म्हणता येत नाही. हे प्रमाण नव्हे. साक्ष म्हणा हवं तर, आणि साक्षीदाराला निकाल द्यायचा अधिकार नसतो.

पुढच्याच वर्षी, १९५८ च्या उन्हाळ्यात, पंढरपुरात सर्वोदय संमेलन भरलं. माझे वडील त्याला गेले होते. मी तेव्हा पाळण्यात. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण करून ज्या देवळाची दारं हरिजनांना उघडायला लावली होती, त्या विठ्ठलाच्या कारभाऱ्यांनी विनोबांना सगळ्या सहकाऱ्यांसकट बोलावलं, मुसलमान, ख्रिस्ती, कोणीही असोत. विनोबा विठ्ठलापुढे रडले. वडील हे सांगताना स्वतः रडत, आणि शेवटी दर वेळी म्हणत, "गागोद्याचा माणूस होता, हं!" जणू गागोद्याच्या माणसांना विठ्ठल वेगळा भेटतो.

आता दुसरी बाजू, कारण तीही 'मातृभूमी'चीच आहे. २०१८ च्या जुलैत त्यांच्या साप्ताहिकात एस. हरीश यांची 'मीशा' नावाची कादंबरी क्रमशः येत होती. त्यातलं एक पात्र देवळात जाणाऱ्या बायकांविषयी अचकटविचकट बोलतं. पात्र बोलतं, लेखक नव्हे. धमक्या सुरू झाल्या, घरच्या माणसांपर्यंत गेल्या, आणि तीन भागांनंतर लेखकाने कादंबरी मागे घेतली. धमक्या देणारे कोण, तर लोकच. ज्यांच्या आजोबांनी देऊळ उघडा म्हणून मत दिलं असेल तेही त्यात असतील. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शबरीमलाला सर्व वयाच्या बायकांना प्रवेश दिला आणि हजारो बायका तो नको म्हणून रस्त्यावर आल्या. चेट्टनने त्या दिवसांचे पेपर मला फोटो दाखवत वाचून दाखवले. बाबासाहेब म्हणत होते ते इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. बहुमताला धर्म ठरवू दिला की ते कधी दार उघडतं आणि कधी पुस्तक बंद करतं.

शबरीमलाचं चाललं होतं तेव्हा मला सासूबाई आठवल्या. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी बजावलं होतं, ते चार दिवस देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही. ठीक. पण भर सीझनला, आखणीला माणूस मिळत नाही तेव्हा, त्याच चार दिवसांत मी शेकडो गणपतींना डोळे काढले. त्यांनी कधी थांबवलं नाही. एकदा धीर करून विचारलं, तर हातातला साचा न सोडता म्हणाल्या, "अगं, त्या अजून मूर्ती आहेत. देव कुठे झाल्यात?"

यावर मी खूप वर्षं विचार करतेय. माती मळतात त्या ठाकरवाडीच्या बायका. साच्यातून काढतात ती पोरं कुठकुठली. ट्रक मुसलमानाचा. डोळे माझे, विटाळाचे असोत की नसोत. बोळे मल्याळम पेपरचे. एवढ्या सगळ्यांचे हात लागून तो पाटावर बसतो, भटजी मंत्र म्हणतात, आणि त्या क्षणापासून त्याला दार फुटतं. मग कोणी आत, कोणी बाहेर. सासूबाईंचं उत्तर मी फेटाळत नाही, त्यात एक शहाणपण होतं, त्यांना काम थांबवायचं नव्हतं आणि देवालाही दुखवायचं नव्हतं. पण माझ्या मनाला, त्या चौथ्या प्रमाणाला, एवढं रुचत नाही की ज्या हातांनी डोळे दिले त्यांच्याकडे बघायला डोळे मिळाल्यावर त्याने नकार द्यावा. आणि नकार तो देतही नाही. देतात ते दाराशी उभे असलेले.

चेट्टन दर वर्षी आमच्याकडून एक फुटाची मूर्ती नेतो. त्याच्या दुकानात उत्तरेकडची मुलं आहेत, त्यांना गणपती लागतो. दीड दिवस टायरच्या चळतीसमोर आरास असते, कॉम्प्रेसर बंद. प्रतिष्ठापनेला भटजी येतात, आणि मालक म्हणून चेट्टनलाच पुढे बसा म्हणतात. तो बसत नाही. मागे, दुकानाच्या उंबऱ्यापाशी उभा राहतो. मी एकदा म्हटलं, तुझंच दुकान, तुझाच गणपती, बस की. म्हणाला, "सवय आहे, चेच्ची."

गुरुवायूरला अजून पाटी आहे, फक्त हिंदूंना प्रवेश. गायक येसुदास जन्माने ख्रिस्ती. गुरुवायूरप्पाची त्यांनी गायलेली गाणी त्या देवळाच्या आवारात कित्येक वर्षं वाजत आलीत. येसुदास आत गेलेले नाहीत.